वातीच्या कापसामागचे जग

आमच्या घरी देवापुढच्या वाती विकत आणण्याची पद्धत नव्हती. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा घरी आला, की आजी त्यातला ओंजळभर पांढराशुभ्र कापूस बाजूला काढून ठेवी आणि दुपारच्या उन्हात ओसरीवर बसून त्यातील सरकी नखाने सोडवीत असे. सरकीला तंतू असे घट्ट बिलगलेले असतात, की जोराने ओढले तर ते तुटतात आणि हलक्या हाताने सोडवायला गेले तर वेळ हातात राहत नाही. लहानपणी मी एकदा हट्टाने तिच्या शेजारी बसलो, तेव्हा तासाभराने माझ्यापुढे चार-पाच फुलवातींपुरती रुई आणि मूठभर हिरवट-करड्या सरक्या जमल्या होत्या. माझी बोटे दुखू लागली होती, पण तिचे काम मात्र संथपणे चालूच होते.

पुढे आधुनिक जगाचा इतिहास आवडीने वाचू लागलो, तेव्हा सरकीचा हाच चिवटपणा मला अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला. शाळेत औद्योगिक क्रांती, फ्रेंच राज्यक्रांती, अमेरिकेतील यादवी युद्ध आणि साम्राज्यवाद हे चार वेगवेगळे धडे होते, आणि एका धड्यातील माणसे दुसऱ्या धड्यात कधी पाऊल ठेवीत नसत. वऱ्हाडात, कापसाच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मला हे चारही धडे एकाच पिकाभोवती गुंफलेले दिसू लागले. त्यातून जी एक गोष्ट मनात घर करून राहिली तीच येथे मांडायची आहे : या काळात एका देशातील माणसाची सुटका आणि दुसऱ्या देशातील माणसाचे बंधन ही पुष्कळदा एकाच व्यवहाराची दोन टोके होती, आणि हे ज्यांना त्या काळातच दिसले अशी माणसे आपल्याकडेही होती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये भारतीय सुती कापडाची एवढी चलती झाली, की तेथील लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली आणि पार्लमेंटने १७०० व १७२१ मध्ये कायदे करून आधी भारतीय छापील कापडावर आणि नंतर सुती छिटाच्या वापरावरच बंदी आणली. म्हणजे इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याचा पुढे जगभर गाजलेला कापडधंदा संरक्षणाच्या भिंतीआड वाढला. खुल्या व्यापाराचे तत्त्वज्ञान त्याला नंतर, स्वतःच्या पायावर उभे राहिल्यावर सुचले. हारग्रीव्ह्जची जेनी, १७६९ चे आर्कराइटचे पाण्यावर चालणारे सूतयंत्र, १७७९ चे क्रॉम्प्टनचे म्यूल ही सूतकताईची यंत्रे आणि वॉटचे वाफेचे इंजिन या शोधांची यादी सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून ती येथे लांबवीत नाही. या यंत्रांची भूक इंग्लंडच्या मातीतून भागण्यासारखी नव्हती, कारण तेथे कापूस पिकतच नाही, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील आतल्या भागात जो आखूड धाग्याचा कापूस येई, त्याची सरकी आमच्या आजीच्या सरकीसारखीच तंतू न सोडणारी होती. दिवसभर हाताने काम करून एका माणसाची जेमतेम अर्धा किलो रुई निघे, म्हणून ते पीक कोणाला परवडत नसे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी रूळ आणि ब्रश बसवलेला रेचा, म्हणजे सरकी काढणारे यंत्र, तयार केला आणि हेच काम पन्नासपट वेगाने होऊ लागले. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने श्रमिकाचे ओझे हलके होईल असे आपल्याला सहज वाटते, परंतु येथे नेमके उलट घडले. सरकी काढण्याची अडचण दूर होताच कापसाखाली हवी तेवढी जमीन आणणे फायद्याचे झाले, आणि लागवड, निंदणी व वेचणी ही कामे तर अजूनही माणसाच्याच हातांनी करायची होती. अमेरिकेच्या १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम नोंदलेले आहेत. १८६० मध्ये ही संख्या ३९ लाखांच्या पुढे गेली होती आणि तो देश वर्षाला ४० लाखांच्या आसपास गाठी कापूस पिकवीत होता.

एवढी जमीन कोठून आली, याचे उत्तर शोधताना मी थबकलो. त्या उत्तराचा एक मोठा भाग हैतीमध्ये आहे. कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग, म्हणजे आजचा हैती, ही फ्रान्सची अत्यंत श्रीमंत वसाहत होती आणि ती श्रीमंती उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांवर उभी होती. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. त्यातील मानव या शब्दात आपणही येतो, असा सरळ अर्थ या गुलामांनी घेतला आणि ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. तूसाँ लूव्हेर्त्यूरसारखा, स्वतः गुलामगिरीत जन्मलेला नेता त्यांना लाभला. १७९४ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, पण नेपोलियनने जुनी व्यवस्था परत आणण्यासाठी तेथे मोठी फौज धाडली. तूसाँ पकडला गेला आणि १८०३ मध्ये फ्रान्समधील एका थंड किल्ल्याच्या तुरुंगात मरण पावला, मात्र ती फौजही लढाई आणि पिवळ्या तापाने नामशेष झाली. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून, जिंकून स्थापन केलेले हे राष्ट्र फ्रेंच क्रांतीच्या धड्यात एका ओळीपुरतेही का नसावे, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

हैती हातची जाणार हे दिसू लागल्यावर नेपोलियनला अमेरिका खंडातील आपल्या उरलेल्या मुलखात रस उरला नाही. १८०३ मध्ये त्याने लुइझियाना नावाचा तो अफाट प्रदेश, सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला. मिसिसिपीच्या काठची काळी, कसदार जमीन त्यात होती. तेथे मूळ रहिवाशांना हुसकावून मळे उभे राहिले आणि जुन्या राज्यांतील गुलामांना साखळ्यांत बांधून, बाजारात विकून तिकडे नेण्यात आले. हैतीच्या गुलामांनी आपल्या बेड्या तोडल्या, आणि त्या विजयाच्या एका दूरच्या परिणामातून मिसिसिपीकाठी नव्या बेड्या घडवल्या गेल्या. यात हैतीच्या लोकांचा काडीमात्र दोष नाही. त्यांना तर स्वातंत्र्याची किंमतही रोख मोजावी लागली, कारण १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यता देण्याच्या बदल्यात त्यांच्यावर १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली.

१८६० पर्यंत ब्रिटनमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी दहातले जवळपास आठ हिस्से अमेरिकेतून येत होते. एप्रिल १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये आणि उत्तर यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. पुढच्याच वर्षी लँकेशायरच्या चिमण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस तेथे सुमारे ५ लाख लोक मदतीच्या अन्नावर जगत होते. नाकेबंदी मोडावी, दक्षिणेला मान्यता द्यावी आणि कापूस आणावा, असे म्हणणारे लोक तेव्हा पुष्कळ होते आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची सहानुभूती तर उघडच दक्षिणेकडे होती. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवली आणि लिंकनला पत्र लिहून गुलामगिरी संपवण्याच्या कामाला आपला पाठिंबा कळवला. दुसऱ्याच दिवशी लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात यायचा होता. लिंकनने १९ जानेवारी १८६३ च्या आपल्या उत्तरात या कामगारांच्या हालअपेष्टांचा आणि त्यांच्या थोर मनाचा कृतज्ञतेने उल्लेख केला. सगळे कामगार एका मताचे होते असे नव्हे, परंतु ज्याची चूल कापसावर पेटते त्यानेच गुलामाने वेचलेल्या कापसाविरुद्ध हात वर करावा, ही घटना मला या साऱ्या कहाणीत फार मोलाची वाटते.

गिरणीमालकांनी मात्र आपली नजर हिंदुस्थानकडे वळवली, आणि ती पूर्वीपासूनच इकडे लागलेली होती. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातील मळेवाले पगारी नोकर म्हणून येथे आणून त्यांच्या हातून लागवडीचे प्रयोग करवून घेतले होते. धारवाडचा अपवाद सोडला तर ते बहुतेक फसले, कारण येथील काळी जमीन, येथील पाऊस आणि लहान शेतकऱ्याचा हिशेब हे सारेच निराळे होते. १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तिची चित्रे आणि तिच्या आठवणी आपण कौतुकाने जपतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ही लोखंडी वाट घाट चढून कोठे जाणार होती हे पाहिले, म्हणजे तिचे प्रयोजन समजते. बोरघाट १८६३ मध्ये पार झाला, थळघाट १८६५ मध्ये, आणि १८६७ मध्ये भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे करीत रूळ नागपूरला पोचले. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून आठवडेच्या आठवडे, धूळ आणि पाऊस खात मुंबईला जात असे. रूळ आले आणि तांड्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. खामगावसारखी बाजारपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला होती, म्हणून जलंबहून जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी येतो, यावरून लँकेशायरच्या शब्दाला केवढे वजन होते हे कळते.

युद्धाच्या चार वर्षांत मुंबईत जे घडले त्याच्या गोष्टी अनेकांनी ऐकल्या असतील. कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. गाद्या-उशा उसवून त्यांतला जुना कापूस विकल्याचे त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. रोज नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग (शेअर) ५०,००० च्या घरात गेला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार चाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै हा वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी पैसे देण्याची ऐपत कोणाचीच उरलेली नव्हती.

शहर यातून सावरले, कारण या पैशाचा काही अंश गोद्यांत, इमारतींत आणि पुढे गिरण्यांत मुरला होता. खेड्यात तसे झाले नाही. लँकेशायरचा गिरणीवाला भारतीय कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणे आणि त्याच्या आखूड धाग्याला व त्यात मिसळलेल्या कचऱ्याला नाके मुरडी. अमेरिकेचा माल पुन्हा येऊ लागताच त्याने इकडे पाठ फिरवली. चढत्या भावाच्या दिवसांत शेतकऱ्याला पत मिळाली होती, तिच्या आधारावर त्याने कर्ज काढले होते, आणि सारावाढीची नवी पाहणीही त्याच सुमारास झाली. पुणे आणि नगरच्या कोरडवाहू भागात कापूस फारसा पिकत नव्हता, पण तेजीच्या काळातील पैशाची हवा आणि नंतरची ओहोटी तेथेही पोचली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले आणि हा वणवा आसपासच्या गावांत पसरला. या दंग्यांत मनुष्यहानी फार थोडी झाली. लोकांचा राग कागदावर होता, कारण आपल्या अंगठ्याच्या त्या ठशांनी आपल्याला कशात अडकवले आहे, हे त्यांना पुरते कळून चुकले होते. अमेरिकेतील गुलाम १८६५ मध्ये कायद्याने मोकळा झाला, आणि त्यानंतरच्या दशकात येथील कुणबी कर्जरोख्याने बांधला गेला होता. या दोन बंधनांची जात एक नव्हती, त्यांना एका मापाने मोजणे गुलामांवर अन्याय करणारे होईल. तरीही दोन्ही गाठी बाजाराच्या एकाच दोरीवर बसल्या होत्या.

१ जानेवारी १८७७ या एका दिवशी घडलेल्या तीन गोष्टी मी नेहमी एकत्र आठवतो. दिल्लीत लॉर्ड लिटनने भव्य दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा केली. नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी त्याच दिवशी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हेच नाव मिळाले. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी काढावी, हा विचार त्या वेळी मुंबईच्या पुष्कळ भांडवलदारांना पटत नव्हता. आणि दिल्लीच्या त्याच दरबारात, रेशीम आणि जरीच्या झगमगाटात, पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या खादीत बसलेले होते. त्यांनी १८७२ मध्येच स्वदेशी वस्तू वापरण्याची शपथ घेतली होती. एकच कापूस : सम्राज्ञीच्या नावाने चालणाऱ्या यंत्रात एक, आणि तिच्या दरबारात न बोलता विरोध नोंदवणाऱ्या अंगरख्यात दुसरा. दरबाराच्या मंडपाबाहेर, दख्खनमध्ये, त्याच वेळी भीषण दुष्काळात माणसे मरत होती.

एतद्देशीय गिरण्या वाढू लागल्या तसे लँकेशायर अस्वस्थ झाले. एकेकाळी भारतीय छिटावर बंदी घालून वाढलेल्या त्या धंद्याने आता खुल्या व्यापाराच्या नावाने १८८२ मध्ये येथील आयात जकात काढायला लावली. सरकारला पैशाची निकड लागून १८९४ मध्ये जकात पुन्हा बसली, तेव्हा समतोल राखण्यासाठी येथील गिरण्यांच्या सुतावर अबकारी कर आला. १८९६ मध्ये त्याचे रूप बदलून आयात कापडावर साडेतीन टक्के आणि येथील गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के असे ठरले. हा कर जायला १९२६ साल उजाडले. आपल्याच घरात विणलेल्या कापडावर परक्या व्यापाऱ्याच्या सोयीसाठी कर भरावा लागतो, ही गोष्ट ज्यांना राजकारणात रस नव्हता अशा दुकानदारांनाही समजली, आणि स्वदेशीच्या चळवळीला लागणारी जमीन तेथे तयार झाली.

येथवरची हकीकत व्यापाराची आणि सत्तेची झाली. परंतु ज्या जहाजांतून कापड आले त्याच जहाजांतून पुस्तकेही आली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांच्या हाती तरुणपणी थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ पडला. पेन हा जन्माने इंग्रज. १७७६ मध्ये अमेरिकेने राजाचे जोखड झुगारावे म्हणून त्याने लेखणी झिजवली आणि नंतर फ्रान्सच्या क्रांतिकारी प्रतिनिधिसभेतही तो बसला. दोन क्रांत्यांमधून तावूनसुलाखून निघालेला त्याचा विचार साम्राज्याच्या वाटेने पुण्यात पोचला आणि तेथे त्याला असा वाचक भेटला, ज्याने तो साम्राज्यापेक्षाही जुन्या अशा जातीच्या गुलामगिरीला लावून पाहिला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना जोतीरावांनी ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना प्रेमाने अर्पण केली आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. मुंबईतील वायद्यांचा बाजार कोसळून तेव्हा आठच वर्षे झाली होती. त्या युद्धाकडे बहुतेकांनी कापसाच्या भावाच्या खिडकीतून पाहिले, जोतीरावांना त्यात माणसाची सुटका दिसली. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या कर्जाची आणि साऱ्याची हकीकतही त्यांनीच मांडली. एकाच माणसाने दोन्ही टोके हातात धरली होती.

त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हा विचार घेऊन गिरणगावात गेले. पहाटे दिवस उगवण्यापूर्वी सुरू होणारे आणि अंधार पडेपर्यंत चालणारे काम, महिनोन्‌महिने सुट्टीचे नाव नाही, आणि पगार मालकाच्या मर्जीने मागे राहिलेला, अशी कामगारांची स्थिती होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला होता, पण त्यात मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना हातच लावलेला नव्हता. येथील मजुरी महाग व्हावी म्हणून असा कायदा मँचेस्टरच्या मालकांनाही हवा होता आणि त्यामुळे कायद्याची मागणी करणाऱ्यावर परक्यांना सामील असल्याचा आरोप करणे सोपे झाले होते. लोखंड्यांनी तो धोका पत्करला. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला मदत एवढ्याच मागण्या होत्या. मँचेस्टरच्या कामगारांनी दुसऱ्याच्या मुक्तीसाठी पत्र लिहिले होते. मुंबईच्या कामगारांनी २२ वर्षांनी स्वतःसाठी आठवड्यातून एक दिवस मागितला.

तो मिळायला आणखी सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यापूर्वी २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार जमले होते. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली, अंगावर कापसाची किटण घेऊन वावरणारी ती माणसे होती. त्या सभेत पुरुषांच्या भाषणांनंतर गिरणीत काम करणाऱ्या दोन स्त्रिया उभ्या राहिल्या आणि आम्हालाही रविवार हवा, असे त्यांनी त्या हजारो लोकांसमोर सांगितले.